कवड्यांची शाल आणि पहिला साक्षीदार

मी, अजिनाथ बजरंग गर्जे, वय चौसष्ट, सेवानिवृत्त सुभेदार, सध्या धंदा शेती, राहणार मौजे बाभूळसांगवी, तालुका शेवगाव, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र कोणाच्या दाबाखाली न येता, स्वखुशीने लिहून ठेवतो. माझ्या सेवेच्या कागदांवर जिल्हा अहमदनगर असा आहे. जिल्हा तोच आणि माणूसही तोच, त्यावरून कोणी हरकत काढू नये. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाचा असा दाखला मात्र त्या देत नाहीत, आणि पुढचा उसाचा हंगाम दिसेल का, असे विचारले तेव्हा त्या नुसत्या हसल्या. मजकूर माझा, लिहून घेतला ॲडव्होकेट सुहास नृसिंह देवचक्के यांनी. मध्ये मध्ये ते म्हणत, "सुभेदार, हे कायद्यात बसत नाही." जे बसत नसेल ते त्यांनी बसवावे, त्यासाठीच ते वकील आहेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

कलम १. राहते घर, अंगण, गोठा व त्यातील दोन गाई माझी पत्नी लंकाबाई हिला. ती आहे तोवर घर विकण्याचा विषय कोणी काढू नये. तिच्या पश्चात घर मुलगी ज्योती हिचे. ज्योती श्रीरामपूरला शिक्षिका आहे, तिला गावातल्या घराची गरज नाही असे जावईबापू म्हणतात. गरज आहे की नाही ते ज्योती ठरवील.

कलम २. बँकेतली ठेव मायलेकींनी सारखी वाटून घ्यावी. पेन्शन लंकाबाईला जाईलच. माझ्या नोकरीभर तिने नुसती पाकिटावरची गावांची नावे वाचली, आता त्यातली काही जाऊन बघावीत.

कलम ३. कोरडवाहू जमीन ज्योतीला. वडिलोपार्जित विहिरीतला माझा निम्मा हिस्सा, मोटर आणि पाण्याची पाळी मात्र पुतण्या कानिफनाथ कल्याण गर्जे याला. पहिल्या मसुद्यात हा हिस्सा माझा धाकटा भाऊ कल्याण याच्या नावे होता, तो मी खोडला. रागाने खोडला नाही. का खोडला ते शेवटी सांगतो.

कलम ४. ओसरीवर काचेत लावलेले प्रशस्तिपत्र मी गेल्यावर उतरवावे. 'स्थानिक जनतेचा विश्वास संपादन केल्याबद्दल' असे त्यावर लिहिले आहे. तो मी संपादन केला नव्हता. कोणी केला ते लिहून ठेवतो.

नागालँडमध्ये, बर्माच्या सीमेकडे, एका डोंगरी गावाच्या माथ्यावर आमच्या कंपनीची चौकी होती. मी तेव्हा हवालदार. जंगलात बंदूक घेतलेली पोरे होती, आणि ती खालच्या गावातल्याच कोणाची तरी पोरे होती. रस्ता राखायचा, झडत्या घ्यायच्या, आणि त्याच हातांनी गावाला औषध वाटायचे, झऱ्याचे पाणी नळाने आणून द्यायचे, असे आमचे काम. रात्री ज्याचे दार ठोठावले, सकाळी त्याच्याच लेकराला खोकल्याची बाटली. गावच्या प्रमुखाला तिकडे गावबुढा म्हणतात. चिंगमाक नावाचा साठीचा माणूस होता. चौकीवर येऊन चहा पिई, मोडक्या हिंदीत गप्पा मारी. जंगलातल्या पोरांना ते खपत नसे, तरी येई.

प्रजासत्ताकदिनी गावाचा मान करावा असे आमच्या कॅप्टनसाहेबांच्या मनात आले. मी म्हणालो, साहेब, आमच्याकडे शाल-श्रीफळ देतात, माणूस वर्षभर विसरत नाही. मग मलाच दिमापूरला धाडले. बाजारातली सर्वांत देखणी, लाल काठाची शाल मी चिंगमाकसाठी निवडली. ती बाईमाणसाची होती. तिकडे पट्ट्यांवरून कळते की वस्त्र कोणत्या कुळाचे, पुरुषाचे की बाईचे, आणि ते अंगावर घ्यायचा हक्क कोणाचा. मला पट्टे म्हणजे पट्टे. साऱ्या गावासमोर मी ती त्याच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला आणि टाळ्या वाजवल्या. आमच्या लोकांखेरीज कोणी वाजवल्या नाहीत. आपल्याकडे पुढाऱ्याला भर सभेत बांगड्या दिल्या तर त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही, तसे ते झाले. चिंगमाक कार्यक्रम संपेपर्यंत ती शाल अंगावर ठेवून ताठ बसला होता.

त्यानंतर गाव मुके झाले. औषधाच्या दिवशी कोणी फिरकेना. पुढे नळाच्या वाटेवर सुरुंग फुटला आणि आमचा जवान सहादेव बडे याचा डावा पाय घोट्यातून गेला. त्या वाटेने जाऊ नका, एवढे सांगायला एरवी कोणतीही म्हातारी पुढे आली असती. आम्ही गावातले सगळे पुरुष चर्चच्या मैदानात दिवसभर उघड्यावर बसवून ठेवले. तसा हुकूम होता. चिंगमाकही त्यांच्यात बसला. संध्याकाळी त्याने विचारले, ती शाल बाजारातून कोणी आणली? मी पुढे झालो.

"तुमको मालूम नहीं था," तो म्हणाला. "हम समझ गया. लेकिन लड़का लोग को कौन समझाएगा?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतःची शाल घेऊन वर आला. काळी, जाड, हातमागाची, मधोमध कवड्यांची वर्तुळे शिवलेली. गावाने लायक ठरवल्याशिवाय तशी शाल कोणाला मिळत नसे. ती त्याने मला दिली. अंगावर घ्यायची नाही, घरात ठेवायची, आणि तो गेला की घेऊन यायची, म्हणजे ती त्याच्याबरोबर मातीत जाईल. ज्याची शाल आपल्या घरात, त्याच्या मरणाला आपण जायचेच. ही त्यांची रीत होती की रातोरात त्याने काढलेली तोड, मला आजही माहीत नाही. गावाला त्याने सांगितले की फौजेतला हा माणूस आता माझ्या मरणाचा आहे. आमची पलटण तिथून हलेपर्यंत त्या वाटेवर पुन्हा काही फुटले नाही. विश्वास मिळवला तो चिंगमाकने, कागद निघाला माझ्या नावाचा. म्हणून तो उतरवावा, काच ज्योतीने वापरावी.

कलम ५. माझे नाव रंगवलेली काळी ट्रंक लंकाबाईला. ट्रंकेला पुन्हा कुलूप लावू नये.

पलटणीत नव्या पोरांना मी पुढे अनेक वर्षे धडा देत असे की परक्या गावात कशालाही हात लावण्याआधी चार माणसांना विचारा. पोरे मला मागून गावबुढा म्हणत. घरी मात्र त्या ट्रंकेत काय आहे हे मी कोणाला सांगितले नाही. लंकाबाईने एकदा विचारले तर म्हणालो, तुला काय करायचंय. फौजी खाक्या, दुसरे काय.

मी निवृत्त होऊन आलो त्या सुमारास गावात एका साखर कारखान्याच्या चेअरमनचा सत्कार होता. सारी धावपळ कल्याणची. ऐनवेळी शाल आणायची राहून गेली, मी नगरला गेलेलो. त्याने वहिनीकडे किल्ली मागितली, तिने दिली. कवड्या बघून त्याला वाटले देवीचे वस्त्र आहे, चेअरमन देवीचे भक्त, याहून मोठा मान कुठला. त्यात काडीचा वाईट हेतू नव्हता. मला तर शाल गेल्याचे कळलेसुद्धा नाही. दोन महिन्यांनी चिंगमाकच्या मुलीचा फोन आला. वडील शेवटच्या घटका मोजत आहेत, तुम्ही कधी निघता असे विचारत आहेत. निघालोच, असे सांगून मी ट्रंक उघडली.

कल्याण म्हणाला, "दादा, शालच हुती ना? धा आनून देतो."

मी त्याला सगळे सांगितले, ओरडून सांगितले, आणि शेवटी म्हणालो, "आजपासून तू माझ्याशी बोलू नकोस." एरवी माझा एक शब्द न ऐकणाऱ्या माणसाने एवढे मात्र अठरा वर्षे ऐकले.

चेअरमनच्या बंगल्यावर गेलो तर शालींनी भरलेली अख्खी खोली होती, तीही नुकतीच रिकामी केलेली. थंडीत ऊसतोड्यांना वाटून टाकल्या, असे त्यांच्या माणसाने मोठे पुण्य केल्याच्या थाटात सांगितले. शालीशिवाय कोणत्या तोंडाने जायचे, म्हणून मी गेलो नाही. मुलीचा पुन्हा एकदा फोन आला. "हम लोग रुका था," एवढेच ती म्हणाली. मी रिकाम्या हाताने जायला हवे होते. हे कळेपर्यंत डोंगर चढायचे वय निघून गेले.

कलम ६. माझी मोटारसायकल जो चालवील त्याची. ती कशाने झिजली हे घरच्यांना ठाऊक आहे. दर हंगामात मी देवळाली प्रवरा, श्रीरामपूर आणि त्या पट्ट्यातल्या ऊसतोड्यांच्या कोप्या पालथ्या घालतो. पाचटाच्या त्या झोपड्यांतली माणसे आमच्याच कोरड्या भागातली. कवड्यांची शाल कुठे पाहिली का, असे विचारणाऱ्या म्हाताऱ्याला ती चहा देतात आणि पाठ वळली की हसतात. एव्हाना तिच्या चिंध्या झाल्या असणार हे मला कळते. तरी जातो.

यंदाच्या पौषात एका कोपीपुढे कडूबाई नावाची म्हातारी भाकरी थापत होती. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "कवड्याची शाल ना? न्हाई बाबा. ते दुसरे बी आठ दिसामागं येऊन गेले. दरसाल येत्यात, कवा तुमच्या मोरं, कवा मागं. तुमी दोघं मिळून का न्हाई हिंडत?"

दुसरे कोण, असे मी विचारले. नाव तिला माहीत नव्हते. ठेंगणे हायेत, टोपी घालत्यात, डाव्या हाताचं एक बोट न्हाई, म्हणाली.

कल्याणचे बोट लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेले. चाक मी फिरवत होतो. त्यावरून त्याने आजवर मला एका शब्दाने बोल लावलेला नाही. मी गाडी तिथेच उभी केली आणि उसाच्या बांधावर बसून रडलो. हे लिहू नये असे वकीलसाहेबांचे मत पडले. लिहा म्हणालो.

कलम ७. ती शाल माझ्या ताब्यात नाही, मालकीची तर कधीच नव्हती, तरी तिची व्यवस्था सांगतो. तिचा वीतभर तुकडा मिळाला तरी तो चिंगमाकच्या मुलीकडे पोचवावा. गावाचे नाव वकीलसाहेबांना सांगून ठेवले आहे. नाहीच मिळाली तर कोणीतरी जावे, त्यांच्या चुलीपाशी बसावे आणि शाल आमच्या घरातून गेली असे तोंडाने सांगावे. कोणी जावे ते लिहीत नाही. पल्ला लांबचा आहे, आणि हुकूम मी आयुष्यात पुष्कळ दिले.

कलम ८. माझ्या देहावर एकही शाल घालू नये. दहाव्याला कारखान्याच्या कोणत्याही माणसाने श्रद्धांजलीचे भाषण करू नये. बोलायचेच असेल तर कावळा शिवल्यावर आणि घाटाबाहेर.

कलम ९. आता विहिरीचे. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, पुढे वाद निघतात, असे वकीलसाहेब म्हणाले. ते ऐकून मी कल्याणचे नाव खोडायला लावले. त्याला मी काहीही ठेवलेले नाही. विहीर ठेवली असती तर ती मी गेल्यावर मिळाली असती, आणि ती घ्यायला त्याला माझ्यासमोर यावे लागले नसते. साक्षीदाराला यावे लागते. मी सही करताना बघावे लागते आणि मग माझ्या देखत स्वतःची करावी लागते. चिंगमाकने माझी चूक एका रात्रीत पोटात घातली. मला भावाची घालायला अठरा वर्षे पुरली नाहीत, ऊस तोडणारीच्या तोंडून ऐकावे लागले. लंकाबाईच्या हाती निरोप धाडला आहे. 'माझ्याशी बोलू नकोस' हा माझा हुकूम मी या कलमाने मागे घेतो.

कल्याण आला नाही तर पहिल्या साक्षीदाराची जागा कोरी ठेवावी. तिथे दुसऱ्या कोणाची सही घेऊ नये. दोन साक्षीदारांवाचून मृत्युपत्र टिकत नाही, हे मला दोनदा सांगून झाले आहे. न टिको.

ठिकाण: शेवगाव
दिनांक: ९ मार्च २०२६
लिहून ठेवणार: (सही) अजिनाथ बजरंग गर्जे

साक्षीदार क्रमांक दोन, आधी आले म्हणून आधी सही:
(सही) सहादेव राधाकृष्ण बडे, पिठाची गिरणी, पाथर्डी. सुभेदारसाहेबांनी माझ्यासमोर सही केली. सकाळपासून त्यांनी पेन हातात धरून ठेवले होते, दुपारी उघडले.

साक्षीदार क्रमांक एक, स्वहस्ते:
(सही) कल्याण बजरंग गर्जे, राहणार बाभूळसांगवी. दादाने सही केली ती मी शेजारी बसून पाहिली. सगळा मजकूर दादानंच मला वाचून दाखवला, मधे दोनदा थांबला. मला यातलं काही नको. शाल अजून मिळालेली न्हाई. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की दोघांनी एकाच गाडीवर जायचं ठरलं हाय. दादा नसला तर मी एकटा जाईन. आन न्हाईच मिळाली तर त्या डोंगरावर बी मीच जाईन, रिकाम्या हातानं.