‘शोध लावला’

बाई, “लोक म्हणाले सिबाओ, त्याने ऐकलं सिपांगो, म्हणजे जपान. चूक त्याच्या कानांची, आणि मेली ती तिथलीच माणसं,” असं तुम्ही सातवीच्या वर्गात म्हणाला होतात. तो पाचशे वर्षांपूर्वीचा युरोपी दर्यावर्दी जपानचं सोनं शोधायला निघाला आणि कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर उतरला; सिबाओ हा त्या बेटावरचा सोन्याचा मुलूख. मी मात्र खरंच जपानात पोचले. तोक्योत, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहते. नवरा इथला, मुलगी दोन्हीकडची. दुपारी कालव्यावरचं ऊन स्वयंपाकघराच्या छतावर हलायला लागलं की ते बेट दिसतं. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या आहेत, लाकडी थाळ्यांत वाळू हलकेच फिरवत आहेत, आणि काठावर तुम्ही, साडीचा काठ थोडा भिजलेला.

त्या दिवशी तुम्ही वर्गात एक घुंगरू आणलं होतंत. सोन्याच्या मुलखातल्या प्रत्येक प्रौढ माणसाने दर तीन महिन्यांनी शिकारी ससाण्याच्या पायातलं घुंगरू भरून सोन्याचे कण द्यायचे, असा परक्यांचा हुकूम होता. तुम्ही आम्हांला मैदानावर धाडलंत. मातीतले फक्त चकाकणारे कण वेचायचे, मधल्या सुट्टीपर्यंत घुंगरू भरायचं. तळसुद्धा झाकला नाही. मागच्या बाकावरची कुरकुरली, “बाई, मग डबा कधी खायचा?”

“त्यांनीही हेच विचारलं असेल. सगळे नदीत, तर शेतात कोण जाणार?”

आम्ही हसायचं थांबलो. तरी वहीत मी लिहिलं, त्याने सोन्याचा शोध लावला. तुम्ही वही माझ्यापुढे धरलीत. “अगं, हरवलं होतं का ते? माणसांच्या कानांत होतं. शोध नाही लावला, ओरबाडलं. खोड आपल्या हाताने.”

इथली एक छोटी संस्था आपल्याकडच्या खेड्यांतल्या वाचनालयांसाठी चित्रपुस्तकं मराठीत करून घेते. या वेळी पुस्तक त्याच बेटाचं आलं. मूळ जपानीत ‘हाक्केन’ आहे, म्हणजे शोध. मी ‘ओरबाडलं’ लिहिलं. संपादक फार मऊ बोलतात. “सेन्सेई, वाचणारी मुलं लहान आहेत. आणि चित्रात तर बेटावरचे सगळे हसतायत.” मुलगी शेजारी चित्र बघत होती. तिने जपानीतच विचारलं, “आई, हे का हसतायत?” मी तिचा खाऊचा पुडा फोडून दिला.

मला कुणी सेन्सेई, म्हणजे इथल्या भाषेत ‘बाई’, म्हटलं की मी विरघळते, बाई. पुढचं पुस्तकही मलाच हवं होतं. मी मान डोलावली, आणि ‘शोध लावला’ छापायला गेलं.

आता फक्त अर्पणाचं पान राहिलंय, ते उद्या फॅक्सने पाठवायचं. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली, हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? आणि तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. तरी विचारते. तुमचं नाव नाही घालत. त्या पानावर नुसतं ‘माझ्या बाईंना’ एवढं लिहू द्याल?