अभीचा वाटा

ल्यूकन, आयर्लंड,
रविवार, १८ मे २०२५

अभिजित,

सप्रेम नमस्कार. हात सवयीने लिहून गेला, आता खोडत नाही. नमस्कार नक्की आहे. सप्रेमचं काय ते पत्र संपेपर्यंत बघू.

इकडे सगळं ठीक. रेवा मजेत, शाळेला सुट्टी लागायला अजून महिना आहे. घरापुढचं गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. शेजारणीने, बर्नीने, स्वतःचं मशीन आणून ते कापलं आणि वर मलाच विचारलं, "युअर मॅन स्टिल ऑन हिज हॉलिडेज, इज ही?" मी हसले. घरात येऊन दार आपटलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. बुधवारी म्हणालास, "रुचा, इथल्या दवाखान्यात अजून एका वर्षाची सही करून टाकली. गावच्या वडीलधाऱ्यांनी इतका आग्रह केला, नाही म्हणवेना." आणि मी तोंड उघडायच्या आत कॅमेरा फिरवून लगून दाखवायला लागलास. पाणी किती हिरवं आहे बघ म्हणे. बघितलं. हिरवं आहे. कागद मध्येच बोलत नाही आणि पाणीही दाखवत नाही, म्हणून पत्र. ऑकलंड, आपिया करत, मग तुमच्या पंधरवड्याच्या बोटीने ते अटाफूला पोचेल. तोवर माझा राग निवेल अशा आशेवर राहू नकोस. प्रवासात टिकेल असाच बांधून पाठवते आहे.

सप्टेंबरपासून तू मला टोकेलाऊ शिकवलंस. आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. न्यूझीलंडच्या अखत्यारीतला मुलूख. तीन प्रवाळबेटं: अटाफू, नुकुनोनू, फाकाओफो. विमानतळ नाही, बंदर नाही. बोट बाहेर खोल पाण्यात थांबते आणि माणसं छोट्या होडीत उतरून, लाटेचा अंदाज घेत किनाऱ्याला लागतात. सगळ्यात उंच जमीन जेमतेम पाच मीटर, म्हणजे आपल्या पोटमाळ्याएवढी. तिन्ही बेटांची माणसं एकत्र केली तर आपल्या इथल्या दोन-तीन हाउसिंग इस्टेटींत मावतील. क्रिकेट खेळतात, पण एका बाजूला किती खेळाडू याला धरबंध नाही, येईल तो खेळतो. हे सगळं मला आवडायचं, अभिजित. तुझी पहिली पत्रं मी सँट्रीला ऑफिसात डबा खाताना पुन्हा पुन्हा वाचायचे. रेवाने तर शाळेच्या प्रोजेक्टसाठी पुठ्ठ्याचं अटाफू केलं, नारळाच्या झाडांना आईंच्या केरसुणीच्या काड्या लावल्या. तिच्या बाईंनी ते वर्गाच्या खिडकीत ठेवलंय.

तिथल्या कारभारावर तू पानभर लिहिलं होतंस. प्रमुखपद दर वर्षी फिरतं, यंदा या बेटाकडे, पुढच्या वर्षी त्या बेटाकडे, आणि राजधानीही त्याच्यामागून फिरते. एकाच बेटाने सगळ्यांवर शिरजोरी करायची नाही. किती शहाणी माणसं, असं तू लिहिलंस आणि खाली रेघ ओढलीस. मग मला एवढंच सांग, आपलं लग्न झाल्यापासून राजधानी कुणाकडे आहे? पुणं सोडून आयर्लंडला यायचं तू ठरवलंस. नोकरी किलकेनीच्या हॉस्पिटलात, घर ल्यूकनला आणि तू घरी फक्त शनिवार-रविवार, हेही तुझंच. तुझे बाबा वारल्यावर आईंना मालवणहून कायमचं इथे आणायचा हट्ट तुझा. त्या आल्या, आणि पाच महिने होत नाहीत तोवर तू निघालास. दर वेळी तू मला सांगितलंस. विचारलं एकदाही नाहीस. माझ्या बेटाची पाळी कधी येते, ते तुझ्या त्या वडीलधाऱ्यांना विचारून कळव.

आणि ते मासे! मार्चच्या पत्रात तू इनातीचं लिहिलंस. गावाने मिळून पकडलेले सगळे मासे किनाऱ्यावर मांडतात आणि घरात माणसं किती ते बघून वाटे घालतात. म्हातारा असो, आजारी असो, होडीत पाऊल न टाकलेला असो, वाटा सगळ्यांना. पहिल्यांदा तुझी पाळी आली तेव्हा वाटे घालणाऱ्या आजोबांनी विचारलं, घरात किती जण? तू लिहितोस: "मी म्हटलं, एकटाच. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग दोन मासे टाकले आणि म्हणाले, एकटं कुणी नसतं!" पुढे तू एक हसरा चेहरा काढला आहेस.

अरे, त्या परक्या माणसाला जे खटकलं ते तुला खटकू नये? आई, बायको, मुलगी मागे ठेवून गेलेला माणूस खुशाल एकटाच म्हणतो? "तिघी तिकडे आहेत" एवढं म्हणायला जीभ झडली असती का तुझी? वाढीव मासे मिळाले नसते हे मलाही कळतं. मासे मागतंय कोण!

तुझी पत्रं मी आईंना मोठ्याने वाचून दाखवते. हेही दाखवलं. त्या 'एकटाच'पाशी मी थांबले, तर आई म्हणाल्या, "वाच फुडे." मी पुढे वाचलं.

तू गेल्यापासून त्यांचं काय चालू होतं ते तुला कधी सांगितलं नाही. घरात बंगडे आले की त्यातला चांगलासा एक आधी बाजूला काढायच्या. हळद-मीठ लावून पिशवीत घालून फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. "हो अभीचो वाटो." मी म्हटलं, आई, तो वर्षाने येणार आहे. त्या म्हणाल्या, येतलो तेव्हा खायत. ख्रिसमसपर्यंत त्या कप्प्यात बर्फाला जागा उरली नव्हती आणि आइस्क्रीम ठेवू देत नाहीत म्हणून रेवा रुसली होती.

आता इथवर आलेच आहे, तर सांगते. वर सगळं ठीक लिहिलं ते खोटं आहे.

जानेवारीत आई पडल्या. खुबा मोडला. मासे घरात साफ केले तर रेवा नाक धरते, म्हणून त्या मागच्या दाराच्या पायरीवर बसायच्या, थंडीतसुद्धा. पायरीवर रात्रीचा बर्फ धरला होता, काचेसारखा, दिसला नाही त्यांना. बर्नीने कुंपणावरून बघितलं म्हणून बरं. मी सँट्रीहून पोचले तेव्हा आई तिच्या कोटाखाली पडून होत्या, भोवती बंगडे सांडलेले, आणि बर्नी त्यांच्या डोक्याखाली हात धरून "यू'र ग्रँड, लव्ह, यू'र ग्रँड" म्हणत धीर देत होती. त्या बंगड्यांतही एक तुझा होताच.

हॉस्पिटलात कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर किती वेळ काढला ते लिहीत नाही, तुला ते कॉरिडॉर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. आईंना इंग्रजी येत नाही. मी पार्किंगमध्ये गाडी हलवायला गेले तेवढ्यात कुणीतरी त्यांना दुखतंय का विचारलं आणि त्यांनी न कळून मान हलवून नाही म्हटलं, म्हणून वेदनाशामक औषध उशिरा मिळालं. ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. आणि गुंगीतून जाग्या झाल्यावर पहिलं वाक्य, "अभीक कळवू नको गो. थंय बसान तो काय करतलो? उगाच तेच्या जीवाक घोर." मला रेवाची शपथ घातली त्यांनी. ती आज मी मोडते आहे, त्यांना सांगून.

त्यानंतर तू दर आठवड्याला व्हिडिओवर यायचास. आई खुर्चीत, मांडीवर शाल. वॉकर कॅमेऱ्यात येणार नाही हे बघायचं काम रेवाचं. तू डॉक्टर आहेस, अभिजित. इमर्जन्सीच्या दारातून माणूस आत येताना त्याच्या चालीवरून दुखणं ओळखायचास, आणि जेवताना आम्हाला ऐकवायचास. चार महिने तुझी आई एकाच खुर्चीत बसून तुझ्याशी बोलली. जी बाई फोनवर बोलता बोलता तीनदा उठून गॅसपाशी जायची, ती एकदाही उठली नाही. तुला एकदाही वाटलं नाही, की म्हणावं, आई, जरा उभी राहून दाखव?

आणि फेब्रुवारीत तुझं ते पत्र आलं. सगळ्यात मोठं. तुमच्या गावातली आजी पडली, खुबा मोडला, तिला बोटीने आपियाच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. सगळं गाव किनाऱ्यावर आलं, होडी हलू नये म्हणून माणसं छातीभर पाण्यात उभी राहिली, आणि रात्रंदिवस बोट हलत असताना तू तिचा हात धरून बसलास. "रुचा, मला पहिल्यांदा खरा डॉक्टर झाल्यासारखं वाटलं." हे मी आईंना वाचून दाखवलं, त्या खालच्या खोलीत मांडलेल्या पलंगावर पडलेल्या असताना. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, आता तरी बोलतील. तर म्हणतात, "बघ, म्हातारेक कसो सांभाळता तो." अभिमानाने रडत होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तुला शिव्या दिल्या, मला येतात तेवढ्या सगळ्या. आणि खरं सांगते, मला त्या अटाफूच्या आजीचा हेवा वाटला. तिच्या जागी आमच्यातली कुणी असती तर तू आला असतास का, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

तुला माहीत नव्हतं हे मान्य. आम्ही सांगितलं नाही, हेही मान्य. पण तू बुधवारी सही केलीस ती या घरात काय चाललंय हे न विचारता केलीस, आणि माझा राग त्याचा आहे. गावच्या वडीलधाऱ्यांना नाही म्हणवेना तुला. आम्हाला मात्र विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

काल सकाळी रेवा पुठ्ठ्यावर तीन वर्तुळं काढून आली आणि म्हणाली, "वुई'ल हॅव अ मीटिंग. लाइक टोकेलाऊ." तिला तूच सांगितलंयस, की न्यूझीलंडशी असलेलं नातं बदलायचं का यावर तिथे दोनदा मतदान झालं, दोन तृतीयांश मतं हवी होती, आणि दोन्ही वेळा थोडक्यात कमी पडली. "सो वुई नीड टू आउट ऑफ थ्री, ममा." प्रश्न तिनेच काढला: बाबाला अजून एक वर्ष द्यायचं का? आणि मोठ्यांनी आधी बोलायचं, असा तिथला नियम आहे म्हणे, म्हणून तिने आजीकडे बघितलं.

मी आईंकडे बघत नव्हते. मुलाच्या विरुद्ध त्या कशा बोलतील? त्यांना या पेचात टाकायला नको होतं, असं मनात आलं. आई उठल्या. वॉकर ढकलत किचनमध्ये गेल्या. कपाटं उघडल्याचा आवाज यायला लागला तशी रेवा ओरडली, "पॅन लेफ्टच्या प्रेसमध्ये... कपाटात आहे, आजी!" आम्ही जाऊन बघतो तर फ्रीझरचा खालचा कप्पा ओढलेला, आणि तुझे सगळे बंगडे ओट्यावर, सप्टेंबरपासूनचे.

"बट दॅट्स बाबाज!" रेवा रडकुंडीला आली.

आईंनी तिच्या हातात ताटल्या दिल्या. "आमी घरात तिगां. तीनच वाटे घाल गो."

दिवसभर मासे वितळत होते. संध्याकाळी आईंनी खुर्ची ओढून गॅससमोर बसून ते तळले, मला हात लावू दिला नाही. घरभर वास भरला, कुणी नाक धरलं नाही. रेवाने वाटे घातले, अगदी मोजून, सारखे. जुन्या बंगड्यांना बर्फाशिवाय कसली चव नव्हती, तरी आम्ही खाल्ले. आईंनी काटेसुद्धा चोखले. उरलेले बर्नीकडे पाठवले. मत नंतर कुणी मागितलं नाही, माझंसुद्धा.

तर हे असं आहे. तुझं पहिलं वर्ष ऑगस्टअखेर संपतं. सप्टेंबरच्या पहिल्या बोटीने निघालास तर आम्ही तिघी विमानतळावर येऊ, आई वॉकर घेऊन, आणि जे काय भांडायचं ते घरी भांडू. नाही निघालास तर रहा, सुखाने रहा, पण मग तुझी वाट बघायची नाही असं इथे ठरलं आहे. आई माझ्याकडेच राहणार आहेत. हे त्यांनी स्वतः सांगितलं, मी विचारायच्या आधी.

सध्या आपल्या दोघांच्या घड्याळात काटे एकाच जागी असतात, तुझ्याकडे रात्र असते एवढाच फरक. मी लिहिते आहे तेव्हा अकरा वाजलेत. तू झोपला असशील.

वरचं सप्रेम खोडलेलं नाही. सप्टेंबरपर्यंत राहील.

रुचा

खाली दोन ओळींची जागा सोड, असं आईंनी सांगितलं होतं. त्यांनी काय लिहिलं ते मी वाचून बघितलेलं नाही.

अभी,
तुझो वाटो आमी खाल्लो. बरो होतो.
आई