आठवी वाट

४ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, निदान मी हयात असेपर्यंत.

मुद्दा असा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचं अन्न करायच्या सात वाटा माहीत आहेत. एक झाडांच्या पानांची, बाकीच्या निरनिराळ्या जिवाणूंच्या. माझ्या जिवाणूकडे यातली एकही नाही. तरी बाटलीत अन्नाचा कण नसताना नुसत्या गॅसवर तो वाढतोय. म्हणजे ही आठवी. तिला तात्पुरतं माझंच नाव दिलंय.

५ मार्च
मॅडमना सांगितलं. (माझ्या पीएचडीच्या गाइड.) म्हणाल्या, मुदतवाढ जूनला संपतेय. तोवर सिद्ध कर, नाहीतर टेबल रिकामं करावं लागेल. मी म्हटलं, जून कशाला, एप्रिल पुरे.

घरी दादा-वहिनीलाही सांगितलं. (त्यांच्याकडेच राहतो. तात्पुरता. पाचवं वर्ष.) अशा जीवाला स्वयंपोषी म्हणतात, तो दुसऱ्याच्या जिवावर जगत नाही, हे नीट समजावलं. वहिनी म्हणाली, एक तरी तसा आणलास घरात. दादा फार हसला. शास्त्रात त्याला गती नाही.

१३ मार्च
नव्या बाटल्या भरल्या. पाण्याचा पीएच जास्त. उतरवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, ते स्टोअरच्या काकांच्या कपाटात. काकांशी माझा अबोला आहे. (मला डॉक्टरसाहेब म्हणतात, अजून झालो नसताना.) अडला हरी गाढवाचे पाय धरी, पण मी अडत नाही. शेल्फवर ॲसेटिक आहे, व्हिनेगरमधलं. पहिल्यापासून तेच वापरतो. ॲसिड ते ॲसिड.

२१ मार्च
वाढ भरघोस. बाटल्या दुधासारख्या गढूळ. संकल्प: रोज पहाटे पाचला उठून प्रबंध लिहिणे.

२२ मार्च
साडेनऊला उठलो. अर्पणपत्रिका लिहून झाली. वहिनीला त्यात घ्यावं का, विचार चालू.

२ एप्रिल
एका बाटलीत मुद्दाम कार्बन डायऑक्साइड घातला नव्हता. तिच्यात काही वाढायला नको. बाकीच्या बाटल्यांइतकंच वाढलंय. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली, दुसरंच काहीतरी खात असतील. मत्सर. झाकणातून जरा हवा गेली असणार. एवढ्याशा हवेवर एवढी वाढ, म्हणजे जिवाणू वाटला त्याहून काटकसरी आहे. बाटली धुऊन टाकली. उगाच लोकांचे गैरसमज.

१९ एप्रिल
मॅडमच्या सांगण्यावरून गॅसमध्ये जड कार्बन (वजनावरून वेगळा ओळखू येणारा) घातला. तो जिवाणूंच्या अंगात उतरला की माझी वाट खरी. सॅम्पल तो मोजणाऱ्या मशीनवाल्यांकडे दिलं. दादाला सांगून टाकलं, आता स्वतंत्र घर बघतो. वहिनीने लगेच पेपर आणून दिला.

८ मे
रिपोर्ट आला. जड कार्बन जवळजवळ नाहीच. मशीन बिघडलंय. मशीनवाले म्हणतात कालच तपासलं. नाकाने कांदे सोलणारी माणसं.

९ मे, दुपारी
मॅडमनी सगळी कृती तोंडी विचारली. पाणी, क्षार, गॅस. पीएच कशाने उतरवतोस? सांगितलं. मग म्हणाल्या, ॲसेटिक म्हणजे या जिवाणूंचं आवडतं जेवण. तू त्यांना पहिल्यापासून वाढतोयस, ते खातायत. मी म्हटलं, निदान ते पचवायची वाट तरी नवी असेल. तीही फार जुनी निघाली. जूनमध्ये टेबल सोडायचं ठरलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ मे, संध्याकाळी
फार वाईट वाटतंय. आजपासून कुणाच्या घरचं खायचं नाही असं ठरवून घरी आलो. वहिनीने दारातच विचारलं, काय झालं. म्हटलं, जिवाणू हवेवर जगत नव्हते. ती म्हणाली, हवेवर कुणीच जगत नाही, हात धुऊन ये, वाढलंय. मी ठाम नकार दिला.

दोनदा वाढून घेतलं.