ओल्या धोतराचा फोटो

प्रकाशा, भाद्रपद शुद्ध दशमी, १९८८

तीर्थरूप चुडामणभाऊंस, धाकट्या इंदिरेचा दंडवत.

तापीमाईच्या कृपेने इथे सारे बरे आहेत. पाकीट बघून घाबरू नका, आत फोटो आहे म्हणून कार्ड चाललं नाही. आईचा खोकला कमी झाला का? अडुळशाचा काढा बंद करू नका.

माझे दीर लीलाधर घाटावरचं रोजचं चाललेलं टिपत असतात. धुणं, म्हशी, होडीवाले. परवा धुऊन आलेल्या फोटोंत एकावर माझा हात थांबला. एक म्हातारा धोतराचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून एकटाच पिळतो आहे. आपले नाना असंच पिळायचे. चेहरा अर्धाच आला आहे.

“हे कोण?” मी विचारलं.

“वहिनी, धोतर पिळणाऱ्याला नाव कोण विचारतं?”

तीन दिवस पहाटे घाटावर जाऊन आले. पुजारी म्हणाले, “तो बाबा काठाकाठाने पुढे गेला.”

भाऊ, नानांनी घर सोडल्याला या अमावास्येला बारा वर्षं होतील. त्या दिवशी तुम्ही दर्भाचा पुतळा करून त्यांची क्रिया करणार, आईचं कुंकू पुसलं जाणार. रीत मलाही मान्य आहे. पण त्याआधी हा फोटो आईच्या हातात द्या. कोण असेल ते सांगू नका. तिने ओळखलं तर क्रिया थांबवा. नाही ओळखलं तर मी हट्ट धरणार नाही, अमावास्येला अमळनेरला येईन.

फक्त तिला उजेडात बसवा, आणि चष्मा आठवणीने लावायला द्या.

तुमची
इंदिरा