डिकीतले बूट

१६ जाने., गुरु.
समितीची बैठक, आप्पांच्या मंगल कार्यालयात. पाचही गावचे सरपंच आले, हेच नवल. एरवी एमआयडीसीत आम्ही पाचजण पाच वेळा जातो. कुणाला स्क्रॅपचा ठेका हवा, कुणाला पाण्याचे टँकर लावायचेत. आणि बाहेर आल्यावर भाषण मात्र भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांवर. गेल्या पावसाळ्यात ठरलं की ठेका कुणीच मागायचा नाही, पोरं शिकवायची आणि कंपनीपुढे उभी करायची. बंद पडलेल्या डेअरीत वेल्डिंगचा वर्ग काढला. शेख सर आयटीआयमधून रिटायर झालेले, ते शिकवायला आले.

मंगळवारी मेळावा. कंपनीचे बर्वे साहेब मशीन घेऊन येणार, तिथेच वेल्डिंग करून घेणार. पास होईल तो कामावर. असं आपल्याकडे आजवर झालेलं नाही.

बैठकीचा निम्म्याहून जास्त वेळ फ्लेक्सवर कुणाचा फोटो कुठे यात गेला. माझा खालच्या ओळीत होता. मी नुसतं पाणी प्यायले. आप्पांना कळलं, त्यांनी वर घेतला. आप्पा समितीचे अध्यक्ष, त्यांना असलं सगळं बरोबर कळतं. बरं वाटलं मला. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

१८ जाने., शनि.
दत्तूभाऊंकडे जाऊन आले. अश्विनीचे वडील. वर्गात मुली सहाच, त्यात ही सगळ्यात तयार. शेख सर म्हणतात, पोरीचा हात हलत नाही. बाकीच्या पाच तिच्याकडे बघून टिकल्यात.

भाऊंनी श्रीगोंद्याचं स्थळ आणलंय. "मानसं चांगली हायती, ताई. मागनं काय न्हाई त्यांचं. किती दिवस थोपवून धरायचं?" अश्विनी चहा घेऊन आली. कप ठेवताना माझ्याकडे बघितलं तिनं.

मी म्हटलं, मंगळवारी ती पास झाली तर दोन वर्षं लग्नाचा विषय काढायचा नाही. ते म्हणाले, "तुमी म्हनताय तर बरं. आन् न्हाई झाली तर?"

"मग सुपारी फोडायला मी स्वतः येते, भाऊ."

सगळे हसले. अश्विनीपण हसली. एवढी खात्री होती मला तिची.

२० जाने., सोम.
आप्पांचा फोन. प्रमुख पाहुणे नक्की येतायत. स्वागत दणक्यात पाहिजे. मी आपणहून बोलले, आपल्या मुलींना नऊवारी नेसवू, नथ, फेटा, औक्षण त्याच करतील. आप्पा खूश. मीपण खूश.

डेअरीत जाऊन मुलींना सांगितलं. अश्विनी म्हणाली, "ताई, वेल्डिंगला साडी?"
"अगं, औक्षण झालं की बदला कपडे. किती वेळ लागतोय."
शेख सर हातमोजे झटकत होते. ते झटकतच राहिले.

२१ जाने., मंगळ.
मेळावा झाला. गर्दी मावेना. बर्व्यांनी आपली नऊ पोरं घेतली. मुली—

उद्या लिहिते.

२२ जाने., बुध.
आज लिहून टाकते, नाहीतर चार दिवसांनी मीही आप्पांसारखं सगळं छान झालं म्हणायला लागेन.

मुली सकाळीच नऊवारीत आल्या. सगळ्यांच्या हातात पिशव्या, त्यात पँट, शर्ट, सेफ्टी बूट. अश्विनीनंच सगळ्यांना आणायला लावलेलं. स्टेजच्या पायरीशी पिशव्यांचा ढीग बरा दिसेना, फोटोत आला असता. मी म्हटलं आमच्या डिकीत टाका. टाकल्या.

मग कळलं, प्र. पाहुण्यांची गाडी नगरमध्ये बंद पडलीय. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांना पाठवलं आमची गाडी घेऊन. डिकीचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पाहुण्यांना वाटेत एक दशक्रिया आणि एका दुकानाचं उद्घाटन उरकायचं होतं. आमचे हे त्यांना घेऊन हिंडत बसले.

इकडे बर्वे घड्याळ बघायला लागले. सुरू करू का, म्हणाले. आप्पा म्हणाले, "नारळ फुटल्याबिगर कसं, साहेब? पाव्हनं येत्यातच." येत्यातच म्हणता म्हणता दुपार झाली. शेवटी बर्व्यांनी कुणाला न विचारता मांडवाच्या मागे मशीन चालू केलं. पोरांनी वेल्डिंग करून दाखवलं. मुली पुढे झाल्या तेव्हा बर्वे पलीकडे पोरांचे कागद बघत होते, त्यांच्या माणसानंच हात आडवा घातला. साडी, पायात चपला, ठिणगी पडली तर कोण जबाबदार? बरोबर होतं त्याचं. शेख सर पोरांकडे बूट मागत फिरले. मुलींच्या पायात राहतील असे कुणाचे नव्हते, आणि साडीवर बूट घालून तरी काय होणार होतं.

मग एकदाची गाडी आली. अश्विनी काष्टा सावरत पळत माझ्याकडे. "ताई, डिकी उघडा."

मी म्हणाले, "आधी ओवाळ गं, साहेब उतरतायत."

तिनं ओवाळलं. ताट धरलेला हात हलला नाही.

पुढे पाच गावांकडून पाच सत्कार. शाल, श्रीफळ, प्रत्येकाचे दोन शब्द. तिसरी शाल चालू असताना मांडवामागून कंपनीचा टेम्पो निघाल्याचा आवाज आला. मला कळलं काय ते. चौथी शाल माझ्या हातून द्यायची होती. उठून टेम्पोपुढे उभं राहता आलं असतं. मी चौथ्या शालीसाठी बसून राहिले.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही त्याला.

२३ जाने., गुरु.
पेपरात आलं. तालुका पानावर, रंगीत. 'प्रशिक्षणार्थी मुलींनी पारंपरिक वेशात केले पाहुण्यांचे स्वागत.' मध्यभागी अश्विनी ताट घेऊन, मागे मी. मी हसतेय. दात दिसतायत सगळे.

आप्पांचा फोन, "ताई, गाजला आपला मेळावा."
म्हटलं, मुलींचं काय?
"पुढच्या टायमाला घिऊ की. पोरी काय, घरीच हायत्या."
मी 'हो' म्हणून फोन ठेवला. हो कशाला म्हणाले, कोण जाणे. जिभेला वळणच पडलंय तसं.

२५ जाने., शनि.
पाच मुली पिशव्या न्यायला आल्या. 'येतो ताई' म्हणाल्या, नेहमीसारख्याच. कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. अश्विनीची पिशवी डिकीतच. तिला दोनदा फोन केला, उचलत नाही.

हे म्हणतात, "तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस, गाडी मी उशिरा आणली." चांगलंच बोलले, पण मी चिडले त्यांच्यावर. दुसऱ्याच्या गळ्यात घालायला कुणी मिळालं की माणूस लगेच घालतो. जेवण झाल्यावर त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग बर्व्यांकडं जा की."

२६ जाने., रवि.
झेंडावंदन. झेंडा माझ्या हस्ते. शाळेत भाषणात मुलींचं शिक्षण, मुलींनी पायावर उभं राहणं, सगळं आलं. भाषण पाठच आहे, आपोआप येतं. मध्येच शेख सर दिसले, मागच्या रांगेत. मला पुढचं वाक्य आठवेना. जयहिंद म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं, ताईंनी आज आटोपतं घेतलं. टाळ्या जास्त पडल्या.

२७ जाने., सोम.
कंपनीत गेले. एकटी. समितीला न सांगता. गेटवरच्या माणसानं विचारलं, "स्क्रॅपचं काम का, मॅडम?" आपली ओळख काय आहे इथं, ते समजलं.

बर्व्यांना सगळं सांगितलं. डिकी, औक्षण, शाल. एकही गोष्ट गाळली नाही. ते बराच वेळ पेन फिरवत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, मुलींना नुसतं स्वागतापुरतंच आणलं होतं."

म्हणजे त्यांना त्या शिकलेल्या आहेत हेच माहीत नव्हतं. ते अर्धा दिवस तिथे उभे होते आणि पाच सरपंचांपैकी एकानंही सांगितलं नाही.

थोड्या जागा उरल्यात. पुढच्या मंगळवारी, ४ तारखेला, मुलींना कंपनीत घेऊन या म्हणाले. "फक्त एक करा, सरपंचबाई. पाहुणे नको, हार नको, माइक नको."
मान खाली घालून हो म्हटलं. हा 'हो' तरी खरा.

२८ जाने., मंगळ.
पाच मुलींना निरोप दिला, उड्या मारल्या त्यांनी. अश्विनीकडे निघणार तेवढ्यात दत्तूभाऊच दारात. हातात कुंकवाची पुडी. शनिवारी सुपारी. "तुमी म्हनला हुता, स्वतः येते म्हनून. पयलं आवतन तुमाला."

बोचावं म्हणून नाही बोलले ते. मनापासून बोलवायला आले होते. त्यांना तसलं येतच नाही.

मी सांगितलं, मंगळवारी पुन्हा परीक्षा घेणार आहेत.
"ताई, तुमच्याच तोंडचं ठरलं हुतं. तो मंगळवार झाला. आता पाव्हन्यांना शबुद गेला."
"ती नापास नाही झाली भाऊ. तिला परीक्षाच देता आली नाही."
"न्हाई जमलं त्ये न्हाई जमलं. नशीब."

नशीब नाही, मी. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात ह्यांनी चहा आणला आणि ते राहिलं ते राहिलंच.

१ फेब्रु., शनि.
सुपारी फुटली.

न जाण्याचं काही कारण सुचतंय का बघत होते सकाळपासून. गेले. बायकांत कडेला बसणार होते, तर भाऊंनी उठवून पुढे नेलं, पाव्हण्यांच्या रांगेत. खुर्चीवर सतरंजी टाकलेली. श्रीगोंद्याचे चुलते म्हणाले, "सरपंचताई आल्या, आमचा मान वाढला." मग तेच म्हणाले, आमच्यात बायका कंपनीत जात न्हाईत, घरचं भरपूर हाय. कुणी विचारलं नव्हतं तरी.

मग माझा सत्कार. शाल दत्तूभाऊंनी अंगावर घातली, नारळ हातात दिला. अश्विनी समोर पाटावर, डोक्यावर पदर. वर बघितलं नाही तिनं.

"ताई, दोन शब्द बोला."

उभी राहिले. तिथे सांगायला हवं होतं. चारचौघांत, सुपारी फुटायच्या आधी, की पोरीची काही चूक नाही, घोळ माझा आहे, मंगळवारपर्यंत थांबा. एवढंच. मी म्हणाले, "दोन्ही घराण्यांना शुभेच्छा."

शाल घरी आणून कपाटात नाही ठेवली. खुर्चीवरच पडलीय. तिच्याकडे बघवत नाही आणि उचलवतही नाही.

३ फेब्रु., सोम.
भाऊंच्या मळ्यात गेले, ते कांद्याला पाणी देत होते. बांधावर उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी आधी बारं मोडलं, पुढच्या वाफ्यात पाणी घातलं. मग हात धुतले.

"म्हंजी पोरगी पळत आलती तुमच्याकडं."
"हो."
"आन् तुमी म्हनला, ओवाळ."
"हो."

 मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर घेऊन परत आले असते.

"घरी आली तवा मी लई बोललो तिला. म्हनलं, येवढं शिकून काय उजेड पाडला. ती काय बोलली न्हाई." मग माझ्याकडे न बघता, "ह्ये शनवारी का न्हाई बोलला, ताई? समदी हुती की तिथं."

 मी म्हटलं, उद्या सकाळी तिला पाठवा, मी नेते. श्रीगोंद्याला मी स्वतः जाऊन सांगते. ते म्हणाले, "तुमचा शबुद आता राहू द्या." आणि फावडं उचलून वाफ्यात उतरले.

परत येताना आप्पांचा फोन. त्यांना कंपनीचं कुठूनसं कळलंय. श्रीगोंदेकर त्यांच्या मेव्हण्याच्या नात्यातले. "लोकांच्या घरात शिरू नका, ताई. पाच गावं एक ठेवायचीत आपल्याला." मी म्हटलं, पाच गावं त्या दिवशी स्टेजवर एकच होती, आप्पा, म्हणून तर हे झालं. त्यांनी फोन ठेवला. मीपण. समिती टिकते का बघायचं आता.

४ फेब्रु., मंगळ.
गाडीत बसून लिहितेय, फाट्यावर. पाच मुलींना शेख सर रिक्षानं पुढे घेऊन गेले, पँट-शर्टात, पायात बूट. कुणी ओवाळलं नाही, नारळ नाही. जाताना एकीनं हात केला.

सकाळी चूल पेटवत होते तेव्हा अश्विनीचा फोन आला. मेळाव्यानंतर पहिल्यांदा.
"ताई, माजी पिशवी हाय का तुमच्याकडं?"
आहे म्हटलं.
"घिऊन फाट्यावर थांबा. घरी येऊ नका." मग जरा थांबून, "आन् गाडीतली पाटी काढून या."

भाऊंना माहीत आहे का, त्यांनी पाठवलं का, की तू न सांगता निघालीस, हे सगळं विचारायचं होतं. तिनं फोन ठेवलेला. तिनं कुणाला सांगितलं नसेल तर पुढे काय होईल ते मला दिसतंय. भाऊंना तोंड दाखवायला जागा राहायची नाही. सांगितलं असेल तरी श्रीगोंदा आहेच. तरी मी आले. ती म्हणाली डिकी उघडा, तेव्हा उघडली नाही. आज उघडली.

'सरपंच' पाटी काचेमागून काढली, सीटखाली सरकवली. जागा रिकामी दिसायला लागली म्हणून पिशवीतले बूट काढून तिथे ठेवलेत. एका बुटाच्या टोकाला ठिणगीचा काळा डाग आहे, वर्गात पडलेला.

पारनेरची एसटी येऊन गेली. तिच्यातून कुणी उतरलं नाही. गावाकडच्या रस्त्यावर अजून धुकं आहे. शेख सरांना फोन करून सांगितलं, बर्व्यांना म्हणा, सहावी मुलगी येतेय.