पाचव्या मजल्यावरून ताईकडे

४ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोज लिहिणार. डॉक्टरने तब्येतीची नोंद ठेवायला सांगितली म्हणून नव्हे. वेळ आहे म्हणून.

तब्येत उत्तम.

गेल्या महिन्यात जिन्यात जे झालं त्याला घरात सगळे ‘अटॅक’ म्हणतात. माझ्या मते मी दमलो होतो. हातात पिशवी होती, तोंडाने बोलणं चालू होतं, आणि तिसऱ्या मजल्यावर जरा टेकलो. टेकलो तो हॉस्पिटलमध्येच उठलो, एवढंच. दोन स्टेंट घातले. म्हणजे पाइप चोंदला होता, आत जाळी बसवली. मेंटेनन्स. गाडी सर्व्हिसिंगला दिली तर कोणी भेटायला येऊन उसासे टाकतं का?

आता म्हणे जिना बंद. सांगणारा डॉक्टर माझ्याच ड्रायव्हिंग स्कूलचा विद्यार्थी. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायची म्हटली की ह्याची गाडी हमखास मागे यायची. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबायचो म्हणून मागचे लोक वाचले. ज्याला आयुष्यात हाफ क्लच जमला नाही, तो मला सांगतो, चढ टाळा.

असो. लिफ्ट आहे.

५ फेब्रुवारी

लिफ्ट नाही.

जुनी काढली, नवी बसवणार. ही म्हणते, नोटीस महिन्यापूर्वीच लागली होती. मी तेव्हा आयसीयूत होतो. तिथे लावली नव्हती.

लिफ्टवाला म्हणाला, महिनाभर धरून चला. मी चाळीस वर्षं लोकांना ‘दोन आठवड्यांत गाडी हातात येईल’ असं सांगत आलो. त्यामुळे असले आकडे कसे काढतात ते मला माहीत आहे.

आम्ही पाचव्या मजल्यावर. ताई तळमजल्यावर. म्हणजे महिनाभर ताईला माझ्याशिवाय काढावा लागणार. तिचीच काळजी वाटते.

८ फेब्रुवारी

ताईचा फोन. ती आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, त्यामुळे अजून ‘हॅलो’ असं म्हणते की समोरचा आपोआप सरळ बसतो.

मी म्हटलं, तुझी तब्येत कशी आहे ते खरं सांग. ती म्हणाली, पायांना सूज आहे, दम लागतो, डॉक्टर म्हणतो हृदय थकलंय. हे सगळं तिने कालच्या पेपरातलं काहीतरी वाचून दाखवावं तसं सांगितलं. मग म्हणाली, ‘आपल्या बिल्डिंगचं एक हृदय वर बिघडलंय, एक खाली. मधले चार मजले ठणठणीत.’ आणि स्वतःच हसली. हसताना खोकली.

मी म्हटलं, माझं हृदय बिघडलेलं नाही, माझं रिपेअर झालंय. ती म्हणाली, बरं बाबा.

मी तिला धीर दिला. म्हटलं, असं निराश व्हायचं नाही. तर म्हणाली, निराश कोण झालंय? वजन झाल्यावर दुकानदार वरून मूठभर टाकतो ना, तसे हे दिवस. ‘ते मूठभर मी पुन्हा तराजूत घालून बघत नाही. पिशवीत टाकते.’ मग चहा उतू जातोय म्हणून फोन ठेवला.

ती वरवर हसते. आतून खचली असणार. मला खाली गेलंच पाहिजे.

११ फेब्रुवारी, सकाळ

योजना तयार. गुप्त. रोज हॉल ते किचन फेऱ्या. त्यानंतर हॉलमधल्या पाटावर चढउतार. पंधरवड्यात जिना. हिला सांगायचं नाही, कारण ही लगेच घाबरते. बायकांचा स्वभाव.

संध्याकाळ

पहिल्याच दिवशी ही किचनमधून म्हणाली, ‘जिन्याची प्रॅक्टिस चालली असेल तर निदान चप्पल काढा, पाट घसरतो.’

पाटावर चढणं आज पुढे ढकललं. पाट खरंच घसरता आहे.

१५ फेब्रुवारी

मोहीम. ही बँकेत गेली होती. मी दार ओढून घेतलं आणि उतरलो. उतरणं अगदीच सोपं. कठडा धरला नाही. (फक्त वळणावर धरला.) चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा इतकं ताजंतवानं वाटत होतं की आणखी तीन-चार बिल्डिंगा उतरलो असतो.

मग वाटलं, घाई नको. आज एवढंच. परत वर जाऊ, उद्या आणखी एक.

वर जायला वळलो. जिना तोच, पण कोणीतरी पायऱ्यांची उंची वाढवलेली. दोन चढलो आणि बसलो. दमलो म्हणून नाही, परिस्थितीचा आढावा घ्यायला.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी दार उघडलं. एरवी जिन्यात भेटल्या तर मान हलवण्यापुरती ओळख. म्हणाल्या, अहो काका, तुम्ही आणि इथे? मी म्हटलं, सहज. त्यांनी दंडाला धरून आत नेलं, कोचावर बसवलं, पाणी दिलं आणि हिला फोन लावला. ही रांगेत होती. येईपर्यंत क्लासची पहिली बॅच सुरू झाली.

मग दुसरी.

एकच ओळ. सगळ्यांनी म्हटली. वेगवेगळ्या ठिकाणी चुकून म्हटली. जाता येईना, कारण दार आणि माझ्यामध्ये मुली मांडी घालून बसलेल्या. बाई मधूनमधून माझ्याकडे बघून विचारत, ‘काका, बरं वाटतंय ना?’ मला वाटलं गाण्याबद्दल विचारतायत, म्हणून मी म्हटलं, अजून जरा सुधारायला हवं. बाई घाबरल्या. डॉक्टरलाही फोन केला.

डॉक्टर आला. नाडी बघत म्हणाला, ‘सर, मी गाडी मागे घ्यायचो तेव्हा तुम्ही ओरडायचात. आता मी ओरडू का?’ मी म्हटलं, तुझा आवाज लागत नाही.

एक मजला वर यायला ही, बाई आणि डॉक्टर असे तिघं लागले. प्रत्येक पायरीवर थांबवत होते. त्यांना दम लागत होता.

१६ फेब्रुवारी

हिने दाराला कुलूप घातलं. आतून. चावी कुठे आहे सांगत नाही. मी म्हटलं, आग लागली तर? म्हणाली, तेव्हा सांगेन.

पूर्वी ह्या घराला सहा खिडक्या आहेत ह्याचा अभिमान वाटायचा. आज लक्षात आलं, सहाही खिडक्यांतून समोरच्या बिल्डिंगची तीच गच्ची दिसते. तिथे एक माणूस रोज येतो, टाकीचं झाकण उघडतो, आत बघतो आणि जातो. त्याचं बरं आहे.

२१ फेब्रुवारी

ताईला भाचीने उन्हासाठी खुर्चीवर बाहेर आणलं होतं. मी बाल्कनीतून बघितलं. पाचव्या मजल्यावरून ताई म्हणजे एक पांढरा ठिपका आणि दोन चपला.

मी हाक मारली. ठिपका हलला. वर बघितलं. चेहरा एवढा लहान दिसत होता की तो ताईचा आहे हे मी आपल्या आठवणीने भरून काढलं. तिने हात वर केला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग भाचीने तो धरून खाली मांडीवर ठेवला.

आई गेली तेव्हा मी अजून बूट उलटसुलट घालायचो. ताई स्वतः शाळेत होती. ती मला शाळेत सोडायची, मग धावत आपल्या शाळेत जायची. रोज उशीर. रोज वर्गाबाहेर उभी. हे तिने मला कधी सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीने तिच्या लग्नात सांगितलं.

बाल्कनीत वारा फार होता. डोळ्यांना त्रास होतो.

२७ फेब्रुवारी

आज ताईचा फोन नाही. मी केला, तर भाचीने उचलला. ती शाळेत शिकवते, ह्या वेळी घरी नसते. म्हणाली, ‘मामा, आई झोपून आहे. डॉक्टर म्हणतात हॉस्पिटल. आई म्हणते, नाही. तिथे जेवण वेळेवर येतं पण गप्पा येत नाहीत.’ मग म्हणाली, घाबरू नकोस.

मी बूट घातले. दाराशी गेलो. हिला म्हटलं, चावी.

मला वाटलं होतं भांडेल. त्याची तयारी होती, मुद्दे काढलेले होते. ती भांडली नाही. दाराला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, ‘त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी एकटी बसले होते. मला परत तिथे बसायला लावू नका.’

मी बूट काढले. तसेही डावा बूट चावतो.

३ मार्च

हे लिहावं की नाही विचार केला. कोण वाचणार आहे? लिहितो.

सकाळी दार वाजलं. लिफ्टवाला, त्याची दोन माणसं आणि भाची. सोबत ताईची हाताची खुर्ची. भाची म्हणाली, ‘आईचा हुकूम आहे. मामाला घेऊन या म्हणाली. नाही म्हणाला तर खुर्चीला बांधा.’

मी स्पष्ट नकार दिला. मी म्हटलं, चार जणांनी उचलून न्यायची एक वेळ असते, ती यायची आहे. लिफ्टवाला म्हणाला, काका, तेव्हा आडवे असता, आत्ता बसून चाललाय. ही हसली. अटॅकनंतर पहिल्यांदा हसली असेल. त्यामुळे पुढे वाद घालता आला नाही.

बसलो. उचललं. हिच्या हातात उशी, औषधांची पिशवी आणि माझा चष्मा. मी वळणावर सूचना देत होतो. डावीकडे घ्या, जरा मागे, सावकाश, आता सरळ. लिफ्टवाला म्हणाला, काका, तुम्ही गप्प बसलात तर वजन कमी लागेल. दुसऱ्या मजल्यावर लोक दार उघडून बघत होते. एक लहान मुलगी आईला विचारत होती, हे राजा आहेत का? आईने हो म्हणून सांगितलं असावं. मी मान हलवली.

ताईच्या खोलीत खुर्ची टेकवली. ताई उशांना टेकून बसलेली. केवढीशी झाली आहे. मला बघून म्हणाली, ‘आलास? चौघांनी उचललं तरी बोलतोयस, म्हणजे बरा आहेस.’

४ मार्च

लिफ्टवाल्याची माणसं कामाला लागली. पुन्हा वर न्यायला त्यांना वेळ नाही. म्हणजे मी तळमजल्यावर अडकलो. ताईच्या पलंगाला लागून माझी कॉट टाकली. ही सकाळी वर जाते, रात्री इथे भाचीच्या खोलीत झोपते.

आज सकाळी मनाशी ठरवलेलं बोलून टाकलं. म्हटलं, ताई, तू माझ्यासाठी फार केलंस. पुढे पुष्कळ वाक्यं होती. तिने मधेच विचारलं, काय केलं? मी म्हटलं, म्हणजे, शाळेत वगैरे सोडलंस. ती म्हणाली, ‘तू रडायचास म्हणून. तुला सोडलं की ते रडणं मागे पडायचं आणि मला उन्हातून पळायला मिळायचं. मजा यायची रे.’ मग म्हणाली, ती पांढरी गोळी दे.

मी चुकून माझी दिली होती. भाचीने वेळेत पकडलं. दोघांच्या गोळ्या सारख्याच दिसतात. आता डब्या वेगवेगळ्या ठेवल्या आहेत, मी हात लावायचा नाही असं ठरलंय.

११ मार्च

लिफ्ट सुरू झाली. लिफ्टवाला स्वतः सांगायला आला. ही म्हणाली, चला, आता घरी.

मी म्हटलं, नवीन मशीन आहे. पहिले काही दिवस सेटिंग व्हायचं असतं. मी टेक्निकल माणूस आहे, मला कळतं. शिवाय इथे कामं आहेत. ताईची नखं कापायची आहेत.

ती वर गेली. माझे कपडे खाली आणून ठेवले.

नखं कापली. तिचं बोट हातात घेतलं तर ते कापतंय की माझा हात कापतोय ते कळेना. ताई म्हणाली, ‘दोघं मिळून एक धड माणूस होतो बघ आपण.’

१६ मार्च

ताई फार झोपते. मधेच जागी होते, खोलीत कोण कोण आहे ते बघते, समाधानाने पुन्हा डोळे मिटते. जेवण दोन चमचे. डॉक्टर येऊन बसून गेला. जाताना दाराशी मला म्हणाला, ‘सर, आता जवळ राहा.’ पहिल्यांदाच त्याने बरोबर गिअर टाकला.

निश्चय: ताईजवळ आता मी बसणार. पूर्ण वेळ. भाचीला शाळा आहे, हिला वरचं घर आहे, मला काय आहे? भाचीला सांगून टाकलं, तू निर्धास्त राहा. मी डोळ्यांत तेल घालून बसतो. ती जाईल तेव्हा एकटी नसेल. तिचा हात माझ्या हातात असेल. हे एक काम तरी मला जमेल.

१९ मार्च

ताई गेली. दुपारी, जेवणानंतर.

मी शेजारीच होतो. खुर्चीत. झोपलो होतो.

शाळेतून लवकर आलेली भाची सांगते: ताईने पाणी मागितलं. दोन घोट घेतले. मग माझ्याकडे बघत राहिली. भाचीने विचारलं, मामाला उठवू का? ताई म्हणाली, ‘नको गं. आत्ता कुठे लागलाय डोळा. ह्याला झोपवायला लहानपणी फार वेळ लागायचा.’ मग म्हणाली, त्याच्या पायांवरून चादर सरकलीये, ती सारखी कर. भाचीने केली. वळून बघितलं तोवर झालं होतं.

मी उठलो तेव्हा पाय ऊबदार होते. मला वाटलं, हिने पांघरलं असेल.