धृतीची पाटी

आमच्या गृहमंत्र्यांस सप्रेम नमस्कार,

माझी तब्येत ठणठणीत आहे. नवा चष्मा केलाय म्हणून अक्षर मोठं आलंय, दुसरं काही नाही. तुझी कंबर कशी आहे?

आपल्या धृतीने शाळेतून रडतरडत आणलेल्या आणि तू इकडे पाठवलेल्या नाव बदलायच्या अर्जावर मी सही करणार नाही. गुरुजी म्हणतात, हल्ली हे नाव कुणी ठेवत नाही. मग बिघडलं कुठे? वर्गात एकाच नावाच्या चौघी आहेत, एकीला हाक मारली की चौघी उठतात, हे तीच हसत सांगत होती ना! इथे शहरात बारा वर्षांत मी हजारो पाट्या कोरल्या, तिचं नाव एकदाही आलं नाही.

मी सातवी शिकलेला, पण रद्दीतला शब्दकोश दोनदा पालथा घालून हे नाव शोधून काढलं होतं. धृती म्हणजे कुणी कितीही रेटलं तरी जागा न सोडणं. तिला विचार, इतक्यात सोडणार का?

सोबत पितळी पाटी आणि चार स्क्रू पाठवतोय. वर ठसठशीत तिचं नाव, खाली बारीक अक्षरात माझं. माझी ओळ वाकडी गेली असेल तर खरं कळव. पाटी दारावर डोळ्यांच्या उंचीला लाव आणि मग गुरुजींना चहाला बोलाव.

तुझाच,
हट्टी कारागीर